धक्क्यावरच्या घराचा शेवट

३ ऑगस्ट

गप्पू,

आशीर्वाद द्यायचा की नाही, ते पत्राच्या शेवटी ठरवीन. आधी बातमी ऐक. शेवटचा भाग सापडलाय.

कुठल्या मालिकेचा, ते तुला सांगायला नको. 'धक्क्यावरचं घर' लागलं की तुझी ताई हातातलं काम टाकून टीव्हीसमोर बसायची आणि तिच्या दोन बाजूंना आपण दोघं. बोटीच्या धक्क्यावर चहाची खोली चालवणारी काकू, दर आठवड्याला बोटीतून उतरणारा नवा प्रवासी, आणि पहिल्याच भागात समुद्रावर गेलेला तिचा नवरा, तो खलाशी. तो येईल म्हणून काकू रोज खिडकीत दिवा लावायची. पुढे टीव्ही केंद्रातल्या शहाण्यांनी नव्या टेपा घेण्याऐवजी जुन्याच पुसून वापरल्या आणि काकू, खलाशी, धक्का, सगळं धुऊन निघालं. आमचं मंडळ इतकी वर्षं त्याच्याच मागे आहे. कुणाचा माळा, कुणाचं तळघर, कुणाच्या वारलेल्या काकांचं कपाट, काही सोडलेलं नाही. आमच्यातल्या दंतवैद्याची बायको आम्हाला 'रिकामटेकड्यांचं मंडळ' म्हणते. म्हणू दे.

आणि टेप सापडली ती तिच्याच नवऱ्याला. दात कसे घासावेत, या विषयावरचा एक जुना कार्यक्रम त्याला दंतवैद्यांच्या संमेलनात गंमत म्हणून दाखवायचा होता. बंद पडलेल्या एका प्रक्षेपण केंद्राच्या कोठीतून त्याने तो पैदा केला. टेप लावली. पांढऱ्या कोटातला एक गृहस्थ लाकडी दातांवर हाताएवढा ब्रश फिरवत होता. त्याने घासणं संपवलं, निरोप घेतला, पडद्यावर मुंग्या आल्या. दंतवैद्य चहा आणायला उठला. परत येतो तर पडद्यावर काकू! डब्यावरची खोडलेली जुनी चिठ्ठी पाहिली, तर 'धक्क्यावरचं घर, शेवटचा भाग'. दातांचा कार्यक्रम छोटा, आपला भाग मोठा. जेवढी टेप पुसली तेवढी गेली आणि शेपूट शिल्लक राहिलं. शेपूट म्हणजे शेवट. ज्याच्यावरून माझं आणि आमच्या पत्रिकेच्या बाईंचं वाजलं, नेमका तेवढाच.

त्याने तिथल्या तिथे यंत्र बंद केलं. सापडलेला भाग सगळ्यांनी मिळून बघायचा, असा मंडळाचा नियम आहे आणि हा माणूस नियमाचा पक्का. पुढच्या महिन्यात त्याच्या दवाखान्यात बसायचं ठरलंय.

तेव्हा तू ये. येत नसशील तर निदान दोन ओळी लिही, की शेवट असा असा होता आणि तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. टेप लावण्याआधी ते पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचीन. बाईंचा चेहरा बघायला तरी यायला हवंस.

आशीर्वादाचं तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझे भावोजी


१२ ऑगस्ट

गप्पू,

नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. माझं पत्र पोचलं हे मला ठाऊक आहे, कारण तुझ्या बायकोने फोनवर कबूल केलं. "पोचलं हो भावोजी. ते वाचलं आणि बाहेर गेले." कुठे? "बोर्ड रंगवायला." रविवारी सकाळी! कुणाचा बोर्ड रे? बिचारीला खोटं बोलायला लावतोस आणि तिला ते नीट जमतही नाही. मागून तुझं खाकरणं ऐकू येत होतं.

झालं गेलं पुन्हा एकदा मांडतो, म्हणजे विसरलो म्हणायला जागा राहायची नाही. शेवटच्या भागाच्या संध्याकाळी अर्ध्या गावाची वीज गेली होती. म्हणून मंडळात तो भाग पाहिलेला माणूसच नव्हता. मग दोन वर्षांपूर्वी या बाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त आहेत आणि मंडळाची पत्रिका काढतात. त्यांनी छापलं, की काकू शेवटी घराला कुलूप लावून निघून जाते, हे मी वसतिगृहात मुलींच्या गर्दीमागे टाचा उंचावून पाहिलंय. मी पुढच्याच अंकात उत्तर दिलं. म्हटलं, टाचा उंचावून पाहणाऱ्याला टीव्हीची वरची कड दिसते. खलाशी परत येतो. माझ्या मेव्हण्याने घरात खुर्चीवर बसून पाहिलंय.

तुझी साक्ष मी का काढली? ताईचा भाऊ म्हणून नव्हे. तुला कल्पनाशक्ती नाही म्हणून. रागावू नकोस. तू अक्षरं अशी काढतोस की बघत राहावं, पण गिऱ्हाईक कागदावर लिहून देईल तेवढीच. 'येथे वाहने लावू नयेत' याच्या खाली एक फूल काढ म्हटलं, तर तू विचारशील, कुठलं. लहानपणी तुझ्या तोंडातून शब्द फुटेना म्हणून ताईने तुझं नाव गप्पू ठेवलं, ते उगीच नाही. असा माणूस सांगतो तेव्हा ते घडलेलंच असतं, हे मी त्या अंकात छापलंय.

आणि तू काय केलंस? साक्ष मागितली तर कार्ड पाठवलंस, "भावोजी, जाऊ द्या." तेवढंच. दर महिन्याला येऊन माझ्याकडे जेवणारा माणूस तेव्हापासून उंबऱ्यालाही शिवला नाही. मंडळाच्या सभेत मी म्हणालो की माझा मेव्हणा कच खातोय. तुझ्या कानावर गेलं असेल तर गेलं. ती कच मी अजून परत घेतलेली नाही.

तुझे भावोजी


२० ऑगस्ट

गप्पू,

आज सकाळपासून दुकानात गिऱ्हाईक नाही. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायची अक्षरं, मोठ्यापासून बारीकपर्यंत, सगळी तू रंगवलेली. शेवटची ओळ आता मला चष्मा लावूनही वाचता येत नाही. पाठ आहे म्हणून निभतं. गिऱ्हाइकांना सांगत नाही.

मालिकेच्या एका शेवटापायी म्हातारा एवढा का पेटलाय, असं तू विचारणार नाहीस. तू काहीच विचारत नाहीस. तरी सांगतो.

ताईला वॉर्डात ठेवलं होतं तेव्हा डॉक्टर माझ्याशी दाराबाहेर बोलायचे आणि मी आत येऊन तिच्याशी हवापाण्यावर बोलायचो. आज ऊन आहे, आज वारा आहे. तिला सगळं कळत होतं. पण माझी फजिती नको म्हणून तीही हवापाण्यावरच बोलायची. एवढी वर्षं संसार केलेली दोन माणसं आणि बोलायला काय, तर ऊन. मला त्याचा फार त्रास व्हायचा, पण तोंड उघडायची छाती होत नव्हती.

वॉर्डात टीव्ही नव्हता. शेवटचा भाग आहे हे कळल्यावर तिने तुला बजावलं, "माझ्यापाशी बसू नकोस. घरी जा, नीट बघ आणि उद्या येऊन सगळं सांग. एक वाक्य गाळलंस तर बघ." आपल्या घराच्या बाजूची वीज टिकली, हे तुझं नशीब.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला तू आलास. दाढी नाही, शर्टाला निळा रंग लागलेला. स्टुलावर मी बसलो होतो, तू खाटेच्या पायाशी उभा. आणि तू सांगायला लागलास. एवढं बोलताना मी तुला त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. सावकाश, मध्ये मध्ये थांबत, स्वतःच्या बुटांकडे बघत. मला वाटलं, पोरगा एकेक गोष्ट आठवून आठवून सांगतोय.

शेवटची बोट येते. माणसं उतरतात, सामान उतरतं. खलाशी नाही. बोट जाते. काकू दिव्याकडे वळते. आज विझवायचा आणि पुन्हा लावायचा नाही, असं तिने ठरवलेलं असतं. हात दिव्यावर जातो आणि मागून आवाज येतो, "राहू दे गं. बूट काढायला दिसत नाही."

ताई हसली. खोकला येईपर्यंत हसली. शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन ऐकत होती, तीही हसली.

"मग?"

"मग काकू मागे वळतच नाही. नुसती म्हणते, उशीर केलात."

"आणि तो?"

"तो म्हणतो, बोट चुकली."

"मग? चहा ठेवते का त्याला?"

"ठेवते. किटली शेगडीवर ठेवते."

"किटलीचं झाकण दोऱ्याने बांधलेलं होतं का रे?"

तू थांबलास. मग म्हणालास, "हो. पांढऱ्या दोऱ्याने. दांड्याला."

तेव्हा ताईने माझा हात इतका घट्ट दाबला की मला वाटलं, कळ आली. मी सिस्टरला हाक मारायला उठलो, दारापर्यंत गेलो, बाहेर कोणी दिसेना. ताई मागून म्हणाली, "अहो, बसा ना. ऐकू द्या." मी तसाच दारात उभा राहून सिस्टरची वाट बघत राहिलो. तू पुढेही बराच वेळ सांगत होतास.

तू गेल्यावर त्या दिवशी ती माझ्याशी खरं बोलली. तिने स्वतःच काढलं. मागे मी कसं राहायचं, कोणाकडे जेवायचं, दुकान बंद करायचं नाही, हे सगळं. म्हणाली, "माझ्या नावाने दिवे लावत बसू नका. वेळेवर जेवा." मीही रडून घेतलं. त्याच आठवड्यात ती गेली.

त्या सगळ्या महिन्यांतून माझ्याकडे तिची ती एक दुपार शिल्लक आहे. बाकी नुसता औषधांचा वास. आणि बाई म्हणतात, असं काही नव्हतंच. म्हणून मी भांडतोय रे. पत्रिकेत झाकणाचा दोरासुद्धा छापला मी. म्हटलं, इतका बारकावा कोणी मनाने रचतं का?

ये. टेप बघताना तू शेजारी असलास तर मला बरं वाटेल. हे मी बाईंना हरवण्यासाठी म्हणत नाही.

तुझे भावोजी


६ सप्टेंबर

गप्पू,

कार्ड मिळालं. "भावोजी, टेप बघू नका."

मागच्या वेळेपेक्षा एक शब्द जास्त. प्रगती आहे. कारण लिहिलं असतंस तर बोटं झिजली असती का? मी आतडं काढून कागदावर ठेवतो आणि तू मला सिगारेट ओढू नका सांगावं तसं सांगतोस.

कार्ड खिशात घालून दोन दिवस हिंडलो. बघू नका म्हणजे काय? आजारी पडाल म्हणून बघू नका, की खोटे पडाल म्हणून? पहिलं असेल तर मी ठणठणीत आहे. दुसरं असेल तर ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, टेपेच्या नव्हे. तुला फोन लावला. तू बोर्ड रंगवायला गेला होतास.

मी बघणार. चौदा तारखेला, संध्याकाळी. बस स्टँडवरून दवाखाना चालत जाण्यासारखा आहे.

भावोजी


१५ सप्टेंबर

गप्पू,

पाहिली.

दंतवैद्याने मला मानाने त्याच्या रुग्णाच्या खुर्चीत बसवलं. बाकीचे बाकांवर. दार उघडं ठेवा म्हणालो होतो. शेवटपर्यंत उघडं होतं.

काकू खोली झाडते. कप धुऊन पालथे घालते. शेगडीवरून किटली उतरवते. झाकण मोकळं, दोरा नाही. मग दाराला कुलूप लावते, किल्ली खिळ्याला अडकवते आणि एक पिशवी घेऊन शेवटच्या बोटीत बसते. मागे वळून बघत नाही. बोट लांब जाते आणि खिडकीत दिवा तसाच जळत राहतो. नावं येतात. खलाशी नाही, बूट नाहीत, काही नाही.

बाई बरोबर होत्या. त्यांनी मला पाणी आणून दिलं, ते मला जास्त लागलं. दंतवैद्य म्हणाला, "दमला असाल, जरा पडून राहा," आणि खुर्ची मागे पाडायला लागला. मी उतरलो आणि घरी आलो.

तू तिला खोटं सांगितलंस. माझी बायको शेवटचे दिवस मोजत होती आणि तू तिच्यासमोर उभा राहून, तुझ्या त्या गरीब चेहऱ्याने, थापा मारत होतास. माझ्यासमोर. आणि मी ती थाप उराशी धरून जगभर भांडत सुटलो. तिला खरा शेवट हवा होता. तिने तुला मुद्दाम सांगितलं होतं, एक वाक्य गाळू नकोस.

यापुढे तुला लिहीन असं वाटत नाही.


२९ सप्टेंबर

गप्पू,

लिहितोय. आपलेच दात, आपलेच ओठ.

मागचं पत्र पेटीत टाकून मी दहा-बारा दिवस फुगून बसलो. पत्रिकेसाठी दुरुस्ती लिहून द्यायची होती, ती लिहिली नाही. परवा बाईच दुकानात आल्या. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणाल्या. स्क्रू ढिला नव्हता, मी तरी तो पिळून दिला. थोडा वेळ काचा पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू का? शेवट तुम्ही सांगता तो मला जास्त आवडला."

"आवडून काय उपयोग," म्हणालो. "तो नाहीच."

"पण एक विचारते, राग मानू नका. किटलीचं झाकण दोऱ्याने कोण बांधतं हो? मी एवढी वर्षं घरोघरी मुलांच्या आईबापांकडे चहा प्यायले. कुठे पाहिलं नाही. माणूस थाप मारायला निघाला तर असली थाप कशाला मारील?"

त्या गेल्या आणि मी हातातलं काम खाली ठेवलं. कारण मला आठवलं, की दोऱ्याचं तू काढलंच नव्हतंस. तू नुसतं किटली म्हणालास. दोरा ताईने काढला.

मग आठवलं, की लग्न झालं तेव्हा ताई तुमच्या आईबद्दल काहीतरी सांगायची. किटली वाकडी केली की झाकण कपात पडायचं, चहा अंगावर उडायचा, म्हणून आईने कसलीशी युक्ती केली होती. काय, ते मी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. नवऱ्यांचं असंच असतं. दुकानाला कुलूप लावलं आणि घरी आलो. तुमचं घर रिकामं केलं तेव्हाची आईची ट्रंक आमच्या माळ्यावर आहे. ताईने ती कधी उघडली नाही, मग मीही उघडली नव्हती. शिडीवर चढून मी ती खाली काढली. या वयात, हो. पडलो असतो तर तुझ्या नावाने पडलो असतो.

वर चादरी. खाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, किटली. तोटीला पोचा. झाकणाच्या मुठीला दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक दांड्याला. पिवळा पडलेला, पण पांढराच असणार पूर्वी.

ती मांडीवर घेऊन मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो.

आता नीट ऐक. हे पत्र एवढ्याचसाठी आहे. त्या दुपारी तू तुझ्या बुटांकडे बघत होतास. तिच्या तोंडाकडे मी बघत होतो. मी बघितलं आणि मला कळलं नाही, एवढाच फरक.

काकूची किटली ताईने भागामागून भाग पाहिली होती. तिच्या झाकणाला दोरा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोरा होता तुमच्या घरच्या किटलीला. मग तिने तुला का विचारलं? तू कुठल्या घरातली गोष्ट सांगतोयस, हे तिने ओळखलं होतं. गप्पू, कळलं मला, थांबू नकोस, पुढे सांग, असं ती तुला सांगत होती. माझ्यासमोर उघड म्हणता येईना, म्हणून असं विचारलं. तू बिचकलास. तुला वाटलं, पकडलं. घाबरत घाबरत 'हो' म्हणालास आणि वर दांडासुद्धा जोडलास. तेव्हा तिने माझा हात दाबला. ती कळ नव्हती रे. ज्याच्या तोंडून एक शब्द काढायला तिने लहानपणी जिवाचं रान केलं, तो भाऊ तिच्यासाठी उभ्या उभ्या गोष्ट रचत होता, आणि तो आनंद तिला एकटीला आवरेना. आणि मी बावळट, सिस्टरला शोधायला धावलो.

घराला कुलूप लावून पिशवी घेऊन निघालेली बाई तू तिला कुठल्या तोंडाने सांगणार होतास? रात्रभर तू काय केलं असशील, ते आता मला दिसतं. आणि नंतर इतकी वर्षं तू काय घेऊन हिंडतोयस, तेही. मरणाऱ्या बहिणीला फसवलं, हेच ना? म्हणून 'जाऊ द्या'. म्हणून 'बघू नका'. खरं लिहवत नव्हतं आणि खोटी सही करवत नव्हती.

तू तिला फसवलं नाहीस, गप्पू. तुला ते जमलंच नाही.

त्यानंतरच ती माझ्याशी मोकळं बोलली, हे मी तुला मागे लिहिलंय. आता वाटतं, तू तेवढं धाडस केलंस म्हणून तिलाही धीर आला. ते तुझ्यामुळे मिळालं मला आणि त्याबद्दल मी तुला थापाड्या म्हणालो. ते शब्द परत घेतो. कचसुद्धा.

पत्रिकेत दुरुस्ती दिली आहे. बाईंचं बरोबर, माझं चूक, एवढंच. तुझं नाव त्यात नाही. त्यांच्या टाचांबद्दल जे छापलं होतं त्याचीही माफी मागितली. खरा शेवट चांगला आहे, हेही लिहिलं. मनातला राग गेल्यावर मी तो पुन्हा पाहिला. तो दिवा जळत राहतो ते फार चांगलं आहे. फक्त तो त्या वॉर्डातला शेवट नव्हता.

मंडळाच्या यादीत शेवटच्या भागापुढे आता 'सापडला' असं आहे. सगळे खूश आहेत. पण मला एका भागाची रुखरुख लागून राहिली आहे. तो टीव्हीवर लागलाच नाही. एकदाच झाला, भेटीच्या वेळेत, वॉर्डात. ऐकणारी एक गेली. शेजारच्या खाटेवरची बाई कुठे असेल, कोण जाणे. मला बूट आठवतात, 'उशीर केलात' आठवतं, किटली आठवते. त्यापुढे तू बरंच सांगितलंस. चहा घेताना ती दोघं काय बोलतात, तो कुठे कुठे जाऊन आला, दिवा शेवटी कोण विझवतं. ते मी ऐकलंच नाही, दारात उभा होतो. सगळं जग धुंडाळलं तरी ते आता फक्त तुझ्याकडे आहे.

ते मला ऐकायचंय. बूट तुझ्या वडिलांचे होते का, तेही विचारायचंय.

मंडळ नसेल, बाई नसतील, टेपरेकॉर्डर नसेल. तुझ्या बायकोलाही घेऊन ये, तिची खोटं बोलण्यातून सुटका होऊ दे. किटली घासून ठेवली आहे. जुना दोरा हात लावताच तुटला, म्हणून नवा बांधलाय. गाठ काही तुझ्या आईसारखी बसत नाही. ती तू मार.

दार वाजवू नकोस, उघडंच असेल. मी पाठमोरा शेगडीपाशी असेन. 'उशीर केलास' म्हणेन. त्यावर काय म्हणायचं, ते तुला ठाऊक आहे.

पहिल्या पत्रापासून राखून ठेवलेले सगळे आशीर्वाद.

तुझे भावोजी